लसीच्या दिवशी बाळाच्या डोक्यालाही टेप लावा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. महिला व बालविकास मंत्री आणि महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय, महोदया,
स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका गावात बारा वर्षांपासून अंगणवाडी सेविका आहे. गावातलं जवळजवळ प्रत्येक लेकरू माझ्या वजनकाट्यावर झोपलेलं आहे. वजन, उंची, दंडघेर हे सगळं मी मोजते, वहीत लिहिते आणि मोबाइलमध्ये भरते. माझ्या स्वतःच्या मुलाच्या मेंदूत जन्मापासून एक जीवघेणा दोष होता आणि तो त्याच्या डोक्याच्या वाढत्या घेरातून साडेतीन महिने सगळ्यांना दिसत होता. मी डोकं मोजलं नाही, कारण मोजायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. हे पत्र त्या रकान्यासाठी आहे.

माझा मुलगा २०१९च्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी जन्मला. वजन पावणेतीन किलो. जन्मल्याबरोबर रडला, तासाभरात अंगावर प्यायला लागला. दर महिन्याला वजन वाढत होतं, तक्त्यावरची रेघ हिरव्या पट्ट्यातून वर जात होती, म्हणून मी निश्चिंत होते. सासूबाई मात्र नव्हत्या. रोज सकाळी त्या त्याला चोळायच्या आणि टाळूवर तेल जिरवायच्या. दोन महिन्यांचा असताना एक दिवस म्हणाल्या, "टाळू भरंना गं. उलट वर यायलीय. अन् हाताला भणभण लागतंय." मी हात ठेवून पाहिला. टाळूखाली काहीतरी थरथरत होतं. वाटलं, नाडी असेल.

त्यांनीच शिवलेलं टोपडं फेब्रुवारीत त्याच्या डोळ्यांवर यायचं. एप्रिलमध्ये त्याची शिवण दोनदा उसवून मोठी करावी लागली. कपाळावर आणि पापण्यांवर निळ्या शिरा दिसायला लागल्या. दूध पिताना चार घोट घेतले की दमून थांबायचा, कपाळावर दरदरून घाम यायचा. आमच्याकडे एप्रिलमध्ये घाम कुणाला येत नाही? शेजारणी म्हणायच्या, डोकं मोठं आहे, मुलगा हुशार होणार. तालुक्याच्या डॉक्टरांनी सर्दीचं औषध दिलं. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी वेळेवर झाल्या. तिन्ही वेळेला तो माझ्याच अंगणवाडीत, माझ्याच मांडीवर होता.

तिसऱ्या लसीच्या दुसऱ्या दिवशी मला राहवेना. शिवणाच्या डब्यातला टेप काढून मी त्याचं डोकं मोजलं. ४५ सेंटिमीटर. हे जास्त की बरोबर, मला माहीत नव्हतं. मग वस्तीवर त्याच्याच वयाची दोन बाळं होती, त्यांच्या घरी जाऊन त्यांची डोकी मोजली. एकाचं ४०, दुसऱ्याचं ४१. त्या घरातून परत येताना माझे पाय कापत होते.

शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली. डोक्यात पाणी साठलंय, उद्या नळी टाकू, असं सांगितलं. नळी म्हणजे शंट, मेंदूतलं पाणी पोटात सोडणारी. आम्ही कागदावर सही केली. त्या रात्री वॉर्डात एक तरुण डॉक्टर होता, शिकणारा. त्याने बाळाची छाती तपासली, थोडा थांबला आणि स्टेथोस्कोप टाळूवर ठेवला. बराच वेळ ऐकलं. मग काही न बोलता त्याने नळ्या माझ्या कानात दिल्या. लोहाराचा भाता चालावा तसा आवाज येत होता, प्रत्येक ठोक्याला एक फुंकर. माझ्या लेकराच्या डोक्यातून. त्याने रात्रीच वरिष्ठांना फोन केला, नळीचं ऑपरेशन थांबलं आणि दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. आजाराचं नाव कळलं: व्हेन ऑफ गॅलेन मालफॉर्मेशन.

गॅलेन हा दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य. मेंदूच्या मधोमध असलेल्या एका मोठ्या शिरेला त्याचं नाव आहे. खरं तर या आजारात फुगते ती गर्भातली एक जुनी, तात्पुरती शीर. गर्भ अकरा आठवड्यांचा होईपर्यंत ती जिरून जायला हवी. काही बाळांमध्ये ती जिरत नाही, कारण मेंदूच्या धमन्या थेट तिच्यात उघडलेल्या असतात. एरवी धमनीतलं जोराचं रक्त केसासारख्या बारीक वाहिन्यांतून झिरपत जातं आणि मगच शिरेत पोचतं. इथे मधल्या त्या वाहिन्याच नसतात.

आमच्या यजमानांना मी हे शेतातल्या पाण्याचं उदाहरण देऊन समजावलं. विहिरीवरची मोटार चालू आहे, पण मुख्य पाइप मधेच फुटून पाणी ओढ्याला जातंय. शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात. मोटार जास्त पाणी ओढत राहते आणि शेवटी जळते. बाळाचं हृदय म्हणजे ती मोटार. मेंदू म्हणजे कोरड्या सऱ्या. आणि ओढ्याला पूर आला की बांधावरचं पाणी उतरायला जागा राहत नाही, तसं शिरांमधला दाब वाढला की मेंदूतलं पाणी शोषलं जात नाही आणि डोकं मोठं होतं. म्हणून आधी फुटलेला पाइप आवरायचा. तो आवरला की पुष्कळ बाळांमध्ये पाण्याचा प्रश्न आपोआप मिटतो. आधीच नळी टाकली तर फिट्स, रक्तस्राव असे नवे त्रास उभे राहू शकतात. त्या तरुण डॉक्टरने आमच्या बाळाला त्यातून वाचवलं.

जून २०१९ मध्ये आम्ही रात्रीच्या देवगिरी एक्सप्रेसने मुंबईला गेलो. बाळ पाच महिन्यांचं होतं, वजन सहा किलो. कवटी उघडली नाही. मांडीच्या सांध्याजवळच्या धमनीतून उदबत्तीच्या काडीहून बारीक नळी आत घातली. पडद्यावर बघत बघत ती मेंदूपर्यंत नेली आणि जिथे धमनी शिरेत फुटली होती तिथे एक द्रव सोडला, रक्ताशी गाठ पडताच घट्ट होणारा. डॉक्टर त्याला ग्लू म्हणतात, उपचाराला एम्बोलायझेशन. पाच तास लागले. सगळी तोंडं एकदम बंद करत नाहीत, कारण मेंदूला अचानक झालेला बदल सोसत नाही आणि एवढ्याशा जिवाला एका वेळी किती रंगद्रव्य आणि किती क्ष-किरण द्यायचे यालाही मर्यादा असते. दुसरी खेप नोव्हेंबरमध्ये झाली. तिसरी एप्रिल २०२०ला ठरली होती. तेव्हा रेल्वे बंद होत्या, मुंबईला जायची सोय नव्हती. ती ऑक्टोबरमध्ये झाली. ते सहा महिने मी रोज त्याच्या टाळूवर हात ठेवून झोपत असे.

तो पावणेदोन वर्षांचा असताना चालला. बोलायला उशीर झाला, आता बोलणं थांबत नाही. यंदा पहिलीत आहे. फिट्सचं औषध अजून चालू आहे. डोकं इतरांपेक्षा थोडं मोठं आहे, पण भात्याचा आवाज गेला.

मुंबईच्या त्या वॉर्डात विदर्भातलं एक जोडपं होतं. त्यांची मुलगी नऊ दिवसांची. जन्मल्यापासून धाप. तिच्यावर हृदयाचे उपचार चालू होते, पण इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाला छिद्र नाही, झडपेत दोष नाही, मग हृदय का फेल होतंय हे कुणाला उमगत नव्हतं. आठव्या दिवशी टाळूतून डोक्याची सोनोग्राफी केली तेव्हा कारण सापडलं. बाळाच्या शरीरातलं बहुतेक रक्त डोक्यातल्या त्या एका वाटेने फिरत होतं. तोवर यकृत आणि मूत्रपिंडं दमली होती. ती वाचली नाही. तिच्या आईच्या हातात बारशासाठी आणलेलं झबलं होतं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्या बाईचा चेहरा समोर आला की मला हे पत्र लिहायला आधीच उशीर झालाय असं वाटतं.

हा आजार आता असाध्य राहिलेला नाही. पूर्वी कवटी उघडून ऑपरेशन करत, तेव्हा बहुतेक नवजात दगावत. १९८०च्या दशकात नळीवाटे उपचार सुरू झाले आणि चित्र पालटलं. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात डॉ. पिएर लाझोनियास यांनी आयुष्य या बाळांसाठी घालवलं. त्यांनी नवजात बाळासाठी २१ गुणांचा एक तक्ता केला: हृदय, मेंदू, श्वास, यकृत, मूत्रपिंड. आठपेक्षा कमी गुण असतील तर बाळाला उपचाराचा उपयोग होण्याची आशा फार थोडी. ८ ते १२ असतील तर तातडीने एम्बोलायझेशन. १२च्या वर असतील तर औषधांवर सांभाळून पाचेक महिन्यांचं होऊ द्यायचं आणि मग करायचं. १९८१ ते २००२ या काळात एम्बोलायझेशन झालेल्या त्यांच्या २१६ रुग्णांपैकी २३ दगावले. जगलेल्या १९३ पैकी १४३ मुलांची मेंदूची वाढ इतर मुलांसारखी झाली. हे आकडे मी डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. आमच्या डॉक्टरांनी ते मला पहिल्या खेपेच्या आदल्या रात्री सांगितले होते. १४३ हा आकडा धरून मी ती रात्र काढली.

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत बोस्टनला गर्भातल्याच बाळावर हा उपचार झाला, आईच्या पोटातून सुई नेऊन, ३४ आठवड्यांच्या गर्भावर. वाचून आनंद झाला. पण मी तुमच्याकडे बोस्टन मागत नाही. मुंबईत आणि देशातल्या आणखी काही मोठ्या संस्थांत हे कौशल्य आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत लांबलांबून लोक जातात. अडचण तिथवर पोचण्याची आहे, आणि बाळाला तिथे पाठवायला हवं हे गावात कुणाला तरी सुचण्याची आहे.

सुचणार कसं, तर टेपने. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला दोनेक सेंटिमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने एकेक सेंटिमीटरने, नंतर अर्ध्याने. जागतिक आरोग्य संघटनेचे मुलामुलींचे वेगळे तक्ते आहेत, वजनाच्या तक्त्यासारखेच. आमच्यातली दहावी शिकलेली सेविकासुद्धा ते भरू शकते. टेप भुवयांच्या थोडा वर, कानांच्या वरून, मागे डोकं सर्वांत जास्त फुगीर असतं तिथून न्यायचा, तीनदा मोजायचं आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. शिंप्याचा कापडी टेप ताणला जातो, म्हणून न ताणणारा द्यावा. एवढंच प्रशिक्षण.

कधी मोजायचं याचंही उत्तर तयार आहे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला प्रत्येक बाळ आपण होऊन आपल्याकडे येतं. आशाताईंच्या नवजाताच्या गृहभेटी ४२व्या दिवशी संपतात, पुढची भेट तिसऱ्या महिन्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणीची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये देशासाठी सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, याचा मला अभिमान आहे. पण सहा महिन्यांत एकदा येणाऱ्या गाडीला दोन महिन्यांचं बाळ नेमकं कसं सापडणार? लसीच्या तीन दिवसांना मात्र ते सापडतंच. त्या दिवशी सिस्टर, आशा आणि सेविका तिघी एकाच खोलीत असतात. एकीने बाळ धरायचं, एकीने टेप लावायचा, एकीने लिहायचं.

माझ्या मैत्रिणी म्हणतील, आणखी एक काम. त्यांचं बरोबर आहे. मोबाइलला रेंज नसते, आहार वाटायचा असतो, सर्वेक्षणं संपत नाहीत आणि मानधन हातात यायला उशीर होतो. नवा रकाना म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. म्हणून माझी विनंती अशी, की हा रकाना द्या आणि त्याच्या बदल्यात दुसरा एखादा काढून टाका. एकच माहिती आम्ही दोन वह्यांत आणि एका मोबाइलमध्ये भरतो. त्यातलं काय कमी करायचं ते आम्हाला विचारा, आम्ही सांगू.

आणि फक्त या दुर्मीळ आजारासाठी कोण एवढं करेल, असं वाटत असेल तर माझी वही बघा. २०२१पासून मी माझ्या अंगणवाडीतल्या ६३ बाळांची डोकी मोजली आहेत. दोघांची रेघ तक्त्याच्या वर गेली. एकाच्या वडिलांचंही डोकं मोजलं, ते तेवढंच मोठं निघालं. डॉक्टरांनी तपासून घरचाच बांधा आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या मुलीच्या डोक्यात खरंच पाणी होतं, वेगळ्या कारणाने. तिला वेळेवर नळी पडली आणि ती आता माझ्या अंगणवाडीत सर्वांत मोठ्याने गाणी म्हणते. टेपला एकच आजार कळतो असं थोडंच आहे. ज्या बाळाचं डोकं वाढतच नाही तेही त्याच टेपला कळतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आणि नवजात कक्षातल्या डॉक्टरांसाठी तुम्ही एक पानभर सूचना काढावी. त्यात दोन वाक्यं असली तरी पुरेत. इकोमध्ये हृदयाची रचना ठीक आहे आणि तरीही हृदय फेल होतंय, अशा प्रत्येक नवजाताच्या टाळूवर स्टेथोस्कोप ठेवा आणि त्याच दिवशी टाळूतून डोक्याची सोनोग्राफी करा, वाहतं रक्त दाखवणाऱ्या डॉपलरसह. डोकं मोठं होत असलेल्या बाळाला शंट टाकण्याआधी पाण्याचं कारण या शिरेत तर नाही ना, हे पाहा. आवाज ऐकू आला नाही म्हणजे आजार नाही असं मात्र कुणी समजू नये, सोनोग्राफी करावीच. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत हा दोष बहुधा दिसत नाही, शेवटच्या तिमाहीत दिसतो. माझीही ती सोनोग्राफी नॉर्मल होती. आठव्या-नवव्या महिन्यात ज्यांची सोनोग्राफी होतेच, त्यांच्या बाळाच्या मेंदूच्या मधोमध काळी पोकळी दिसली तर तिथे रंगीत डॉपलर फिरवून पाहावं. पाण्याची गाठ आणि वाहतं रक्त यांतला फरक तिथेच कळतो.

पाठवायचं कुठे, हे जिल्ह्याच्या डॉक्टरांना शोधत बसावं लागू नये. राज्यासाठी एक फोन नंबर असावा. त्यावर चोवीस तास कुणी तरी असावं जे एमआरआयची चित्रं मोबाइलवर पाहून सांगेल, की हे बाळ आजच निघालं पाहिजे, की औषधांवर सांभाळता येईल. नवजाताला आठ तासांच्या प्रवासाला काढायचं की नाही, हा निर्णय त्या आईबापांवर किंवा एकट्या तालुक्याच्या डॉक्टरवर टाकू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला मोफत वाहन मिळतं. ते वाहन जिल्ह्याच्या हद्दीपाशी थांबणार नाही याची खात्री मात्र वरूनच व्हायला हवी.

पैशांचं थोडक्यात सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड आमच्यासारख्या घरांचा आधार आहे. या आजाराचा उपचार तीन-चार खेपांत होतो, दोन वर्षं चालतो. या सगळ्या खेपा मिळून एकच उपचार आहे असं धरून मंजुरी पहिल्याच वेळी द्यावी. ग्लू आणि बारीक नळ्या महाग असतात, त्या बाहेरून आणायची वेळ येऊ नये. आमच्या बाळाचं नाव तेव्हा रेशनकार्डावर नव्हतं, ते चढवण्यात आठ दिवस गेले. पाच महिन्यांच्या जिवाला कार्ड कुठून असणार? आईच्या कार्डावर त्याचा उपचार त्याच दिवशी सुरू व्हावा.

एक गोष्ट तुमच्या खात्याच्या प्रत्येक भिंतीवर लिहावी अशी आहे. माझ्या गरोदरपणात २७ जुलै २०१८ला मोठं चंद्रग्रहण झालं होतं. त्या रात्री मी भाजी चिरली होती. सासूबाई मनाने चांगल्या, टाळूचं पहिलं निदान त्यांचंच. पण मुलाचा आजार कळल्यावर त्या घरात कुणाला न सांगता मला म्हणाल्या, तू तेव्हा विळी हातात घेतलीस. मी काही बोलले नाही, पण वर्षभर ते मनात धरून बसले. मुंबईच्या डॉक्टरीणबाईंना शेवटी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्या प्रसूतीच्या तारखेवरून बोटांवर आठवडे मोजले. धमन्या आणि शिरेची ही चुकीची जोडणी सहाव्या ते अकराव्या आठवड्याच्या दरम्यान होते. ग्रहणाच्या रात्री माझा पंधरावा आठवडा संपला होता. "ताई, तुम्ही विळी घेतलीत तेव्हा हे होऊन महिना झाला होता," त्या म्हणाल्या. "आणि विळीने काही होत नाही." मी सासूबाईंना फोन लावून तो हिशेब तिथूनच ऐकवला. फोनवर त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "लेकराला दूध पाजलंस का?"

अशा आईला समोर बसवून हे समजावणारं माणूस नवजात कक्षात असावं. आजाराचं नाव कागदावर मराठीत लिहून द्यावं. आम्हाला ते मिळालं नव्हतं. पहिले चार दिवस मी "गॅलन" म्हणत होते, पाण्याचा कॅन असतो तसं.

सोबत माझ्या वहीच्या चार पानांच्या प्रती जोडल्या आहेत. नावं झाकली आहेत. जन्मतारीख, लसीचा दिवस आणि डोक्याचा घेर ठेवला आहे. पाचव्या ओळीत रकाना रिकामा आहे, त्या दिवशी बाळ झोपलेलं होतं आणि आईने उठवू दिलं नाही. पुढच्या लसीला मोजलं. आमच्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांत, हे सहा महिने करून बघायचं असेल तर मी आणि माझ्या सात मैत्रिणी तयार आहोत. आम्हाला आठ टेप आणि तक्ते लागतील.

आपली,
एक अंगणवाडी सेविका आणि एका पहिलीतल्या मुलाची आई